नैवेद्याआधी चाखायचं नाही

सप्त्याच्या स्वयंपाकात आचाऱ्याने चाखायचं नसतं. देवाला नैवेद्य दाखवून होईपर्यंत आमटीचा थेंबसुद्धा जिभेवर ठेवायचा नाही, असा नियम. दीड-दोन हजार माणसांची आमटी लोखंडी कढईत रटरटतेय आणि तिच्यात मीठ बरोबर पडलं की नाही, हे कळायला वासाशिवाय मार्ग नाही. मी घराला कुलूप लावून निघालो की कोपऱ्यावरून परत येऊन ते ओढून बघणारा माणूस. माझ्यासाठी हा नियम शिक्षाच होती. तरी सात वर्षं तो पाळला. आता पाळायची गरज उरली नाही, आणि आठवण मात्र सगळ्यात जास्त त्याचीच येते.

मी मूळचा इकडचा नाही. भंडारा जिल्ह्यातला, धानाच्या मुलखातला. आठवीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली. पुढे मिळेल ते काम. सत्ताविसाव्या वर्षी रस्त्याच्या कामाच्या टोळीबरोबर राहुरीला आलो. टोळी पुढच्या कामावर गेली तेव्हा मी टायफॉईडने पडलो होतो, म्हणून मागे राहिलो. तेवढं एक कारण. त्या तापाने मला राहुरीत ठेवलं आणि पुढचं सगळं त्या तापातूनच झालं.

माझी खोली एका मावशींच्या घराच्या मागच्या बाजूला होती. बालवाडीच्या बाई म्हणून निवृत्त झालेल्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या. ख्रिस्ती होत्या. चर्चला त्या देऊळच म्हणायच्या, आणि त्यांच्या गल्लीत लोक एकमेकांना भेटले की ‘सलाम’ करायचे. पहिले काही दिवस मला वाटलं, मी मुसलमान मोहल्ल्यात खोली घेतलीय.

त्या तापात मला सांभाळणारे दुसरे म्हणजे मामा. आमच्या टोळीचा स्वयंपाक करायला लावलेले आचारी. साठीचे, गळ्यात तुळशीची माळ, पस्तीस वर्षांपासून कांदा-लसूणही बेताचाच. एरवी लग्नं, सप्ते, दहावे घ्यायचे. टोळी गेल्यावर त्यांचा माझा संबंध संपायला हवा होता. पण ते रोज संध्याकाळी मुगाचं कढण घेऊन यायचे. सकाळी मावशींची पेज, संध्याकाळी मामांचं कढण. एकदा दोघं माझ्या खाटेजवळ समोरासमोर आले. मावशींच्या हातात उकडलेलं अंडं होतं.

“टायफॉईडच्या मान्साला अंडं देत्यात व्हय बाई?”

“डॉक्टरांनी सांगितलंय.”

“डाक्टर काय बी सांगंल. आतडी कुनाची जानार हायेत?”

“मामा, तुमचा पेशंट तुम्ही उचलून न्या आणि ठेवा तुमच्या विठोबापाशी. माझ्या घरात आहे तोवर अंडं खाईल.”

मामा कढणाचा डबा ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी येताना दारातूनच विचारलं, “खाल्लं का रे अंडं? पचलं का?”

त्या तापातच मावशींनी माझ्यासाठी पहिल्यांदा प्रार्थना केली. प्रार्थना म्हणजे काहीतरी पाठ केलेलं म्हणतात, एवढंच मला माहीत. मावशी खाटेजवळ उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि शेजारच्या बाईशी बोलावं तसं बोलायला लागल्या: “देवबापा, हा मुलगा लांबचा आहे. ह्याची आई तिकडे आहे, आणि हा तिला फोनवर खोटं सांगतो की मी ठणठणीत आहे. त्याबद्दल त्याला क्षमा कर. ह्याला रात्री भीती वाटते, उठून दोनदा कडी बघतो. ती भीती काढून घे.” मी पांघरूण डोक्यावर ओढलं. मी कडी बघतो हे त्यांना माहीत होतं, आणि आता देवालाही सांगून झालं होतं.

बरा झालो आणि मामांच्या हाताखाली लागलो. ते म्हणाले, “तांदूळवाल्या, भात तर येत आसंल तुला?” भात मला येत होता. बाकीचं त्यांनी शिकवलं. टेम्पोत कढया, शेगड्या, मसाल्याची डबडी टाकून आम्ही गावोगाव जायचो. कधी काष्टीला लग्न, कधी मिरजगावच्या बाजूला सप्ता. माझं सगळ्यात आवडतं काम सप्त्याचं. सात दिवस एकाच गावात मुक्काम, शाळेच्या पटांगणात मांडव, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, रात्री कीर्तन. दुपारनंतर घराघरातून भाकरी यायच्या. पाट्यांत भरून, फडक्यांत बांधून, मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून. कुणाची पातळ, कुणाची जाड, कुणाची एका बाजूने करपलेली. सगळ्या एका ढिगात. मामा म्हणायचे, “आता सांग, ह्यात पाटलाची कंची आन् तुझी कंची?”

आणि मीठ. मीठ फक्त मामा टाकायचे, पुढे पुढे मी. टाकून झालं की तीनदा ओरडायचं, “मीठ पडलं! मीठ पडलं! मीठ पडलं!” म्हणजे दुसऱ्या कुणी टाकू नये. चाखायचंच नाही, तर ओरडण्यावर सगळा भरवसा. ओरडून झालं की माझ्या शंका सुरू. मूठ मोठी झाली का? डाळ कमी शिजली असेल तर? मामांच्या तोंडाकडे बघत राहायचो. ते मात्र निवांत तंबोऱ्याच्या सुरात काहीतरी गुणगुणत बसलेले. मग आरती व्हायची, नैवेद्याचं ताट देवापुढे जायचं, परत यायचं, पंगती बसायच्या, आणि मी पहिल्या ओळीतल्या पहिल्या माणसाच्या घशाकडे बघत उभा. त्याने घास गिळला आणि दुसरा घेतला की माझा जीव भांड्यात पडायचा.

एका सप्त्यात कीर्तन संपल्यावर मी मागे उभा होतो, हाताला हळद. लोक एकमेकांच्या पाया पडत होते, तशी तिथे रीतच. एक पागोटंवाले म्हातारे शेतकरी माझ्यासमोर आले, ‘माउली’ म्हणाले आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. मी दचकून मागे सरलो, मागच्या पातेल्यावर आपटलो. आठवी सोडलेल्या माणसाच्या पायाला तोवर डॉक्टरशिवाय कुणी हात लावला नव्हता.

काम नसलेल्या रविवारी मी मावशींबरोबर त्यांच्या देवळात जायचो. आधी त्यांची छत्री धरायला, मग सवयीने. छोटं कौलारू देऊळ, बाहेर चपला, आत सतरंज्या, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. पेटी, ढोलकी, टाळ. गाणी ऐकून मला आधी वाटायचं भजनच चाललंय, आणि ते भजनच होतं. सगळ्यात नवल प्रार्थनेचं. पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, विचारायचे, “कुणाला काही सांगायचंय?” मग कुणी उठून सांगायचं, म्हैस आटलीय. कुणी, मुलीचं जमत नाहीये. आणि त्या म्हशीसकट सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना व्हायची.

असा मी सात वर्षं दोन्ही डगरींवर पाय ठेवून होतो, आणि कुणी मला ‘तू कोण’ म्हणून विचारलं नाही. गावी आईला फोन केला की ती विचारायची, “जेवला का बापू? तिकडची भाकर गिळते का आता?” देवाधर्माचं तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मग एका नाताळात देवळातल्या प्रीतिभोजनाचा मटणाचा रस्सा माझ्याकडे आला. मामा मटणाला हात लावत नसत, पण मला अडवलं नाही. “तुला माळ न्हाई, तू मोकळा हायेस,” म्हणाले. दीडशे माणसांचा रस्सा. मी मीठ टाकलं, सवयीने तीनदा ओरडलो. बाजूला पोरं ढोलकी बडवत गाणी बसवत होती, आणि ऐकलं तरी त्या ओरडण्याचा अर्थ तिथे कुणाला कळणार? त्या मंडळीत नाताळच्या रश्श्याला मीठ घालायचा मान एका म्हाताऱ्या काकांचा होता, वडिलांपासून चालत आलेला. ते सुटाबुटात आले, टोपी काढली, प्रार्थना पुटपुटले आणि त्यांची मूठ टाकून गेले. मी कांदा चिरत पाठमोरा बसलो होतो. आणि सवय अशी की चाखायची बंदी नसताना मी चाखलंच नाही. तिथे बायांनी ‘मीठ टाकलं का’ म्हणून विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण त्यांना वाटलं, एवढा मोठा आचारी, आपण कशाला बोलायचं.

पहिल्या घासाला पोरांनी तोंडं वाकडी केली. मग मोठ्यांनी. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी मावशींना म्हणालो, मी जातो. त्या म्हणाल्या, “जातोस कुठे? बटाटे सोल.” सगळ्या बाया उठल्या. बटाटे, पाणी, बिनमिठाचा भात. अर्ध्या तासात दुसरी पंगत बसली. काकांनी कबूल केलं की मूठ त्यांची होती. पाळक जेवता जेवता म्हणाले, “‘तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात’ ह्या वचनावर मी आजवर तीन प्रवचनं केली, पण इतकं मनावर कुणीच घेतलं नव्हतं.” हसून हसून काकांना ठसका लागला. त्या नाताळापासून ते मला ‘भागीदार’ म्हणायला लागले.

हसण्यात दिवस गेला खरा. पण त्या रात्री मावशींनी विचारलं, “बाप्तिस्म्याचा वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होतोय. बसशील?” मी हो म्हणालो. त्यांनी मला अंडं भरवलेलं, बटाटे सोलायला लावून माझी लाज राखलेली. हो म्हणण्याशिवाय काय म्हणणार?

महिनाभराने मामा म्हणाले, “यंदा काल्याच्या दिवशी तुला माळ घालायची. म्हाराजांशी बोललोय. कढया आता तुझ्याच हाती येनार, माळकरी आसलेला बरा.” मी हो म्हणालो. त्यांनी मला कढण पाजलेलं, काम शिकवलेलं.

दोन्हीकडे हो. तसलं गाढवपण करायला माझ्यासारखाच माणूस लागतो. ज्याने ज्याने पाणी पाजलं त्याला नाही म्हणताना माझी जीभ टाळूला चिकटते. आणि त्या वर्षी सप्त्याच्या शेवटच्या दिवसाचा काला आला शनिवारी आणि ईस्टर दुसऱ्याच दिवशी, रविवारी. एका दिवशी गळ्यात माळ, दुसऱ्या दिवशी डोक्यावर पाणी. कॅलेंडर मी पुन्हा पुन्हा बघितलं. माळ घातली की नाताळचा रस्सा संपला, मावशींच्या देवळातलं माझं नाव संपलं. बाप्तिस्मा घेतला की नैवेद्याच्या कढईवरचा माझा हात संपला. हे कुणी बोललं नव्हतं, पण गावातल्या पोरालाही कळत होतं.

वर्गाला गेलो तेव्हा पाळकांना सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “इथे का यायचंय तुला?”

“मावशींचे उपकार आहेत.”

“मग मावशींना साडी घे. बाप्तिस्मा कशाला घेतोस?”

मी घरी येऊन मावशींना हेच सांगितलं, थोडंसं तक्रारीच्या सुरात. त्या तांदूळ निवडत होत्या. वर बघितलं नाही. “बरोबर बोलले. माझ्या पेजेसाठी येत असशील तर येऊ नकोस बाबा. पेज काय, दारात पडलेल्या कुत्र्यालाही घातली असती मी.”

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. कुत्रं म्हणाल्या म्हणून नाही. माझ्याकडे जी एकच गोष्ट होती ठरवायला, ती त्यांनी काढून घेतली होती म्हणून. उपकार मोजायचे नाहीत, तर मग ठरवायचं कशाने? मी शिकलेला नाही. ज्ञानेश्वरी कानावरून गेलेली, बायबल वर्गात अडखळत वाचलेलं. कुठलं खरं हे सांगायची माझी पात्रता नाही, आजही नाही.

मग सप्ता लागला. राहुरीपासून अर्ध्या तासावरचं गाव. पाचव्या दिवशी, दुपारी, मीठ मी टाकलं. तीनदा ओरडलो. आणि ओरडताना मला वाटलं, हे मी आत्ताच एकदा ओरडलोय. म्हणजे आधीही एक मूठ टाकली होती का? की ती काल? आठवेना. नाताळचा रस्सा डोळ्यासमोर आला. दीड हजार माणसं जेवायची होती. चाखून बघावं म्हणून ओगराळं उचललं. आजूबाजूला कुणी नव्हतं, मामा पाण्याच्या टँकरशी भांडायला गेले होते. ओगराळं ओठापर्यंत आलं. आणि मी ते खाली ठेवलं. तेवढा नियम मोडायची माझी हिंमत नव्हती, किंवा इच्छा नव्हती, आता सांगता येत नाही.

मग माझ्या लक्षात आलं की मी बोलतोय. ओठातल्या ओठात. “बापा, मले काही आठवून नाही राहिलं. मी मीठ टाकलं का नाही तुले ठाऊक. एवढ्या मानसाईच्या तोंडची चव जाऊ नको देऊ.” आमच्या भंडाऱ्याच्या बोलीत. राहुरीला आल्यापासून ती बोली मी आईच्या फोनशिवाय कुठे वापरली नव्हती, लोक हसतात म्हणून. आणि इथे ती कढईपाशी, देवाशी बोलताना आपोआप तोंडात आली होती. मी कीर्तनं खूप ऐकली, अभंगांना टाळी धरली, डोळ्यांत पाणीही आलं. पण ते दुसऱ्याचे शब्द होते, सोन्यासारखे, आणि मी ते ऐकणारा होतो. हे बोलणं माझं होतं. आणि ते मी माझ्या खाटेजवळच्या मावशींच्या त्या बोलण्यावरून शिकलो होतो.

आमटी बरोबर झाली होती. पण आमटी खारट झाली असती तरी माझं ठरलं होतं. जिथे मला असं बोलता येतं, तिथे मी जाणार.

मामांना सांगणं राहिलं होतं. शुक्रवारी दुपारी, काल्याच्या आदल्या दिवशी, आम्ही दोघं बुंदीसाठी बेसन चाळत होतो. मी चाळण थांबवली.

“मामा, मी उद्या माळ न्हाई घालत.”

“का? म्हाराज काय बोलले का तुला?”

“न्हाई. परवा मावशींच्या देवळात बाप्तिस्मा आहे माझा.”

मामांनी चाळण थांबवली नाही. पीठ पडत राहिलं. मग म्हणाले, “बाईनं वढलं का तुला?”

“न्हाई. त्या तर येऊ नको म्हणाल्या.”

“मग?”

मी कढईपाशी काय झालं ते सांगितलं. जसं आलं तसं, अडखळत. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मूठ दोनदा पडली आसं वाटलं, आन् चाखलं न्हाईस?”

“न्हाई.”

“व्हटाला लावलं बी न्हाईस?”

“न्हाई मामा.”

त्यांनी चाळण खाली ठेवली, कमरेचा पंचा काढून तोंड पुसलं. पीठ होतं तोंडावर, की काही आणखी, मी बघितलं नाही. “आसा गडी म्या घडवला,” ते म्हणाले, “आन् जातो कुठं.” मग, आचारी माणसाच्या आवाजात: “हे बघ. सप्त्याच्या कढईला आता तुला घेता यायचं न्हाई. लोक आयकायचे न्हाईत, आन् मला बी बरं वाटायचं न्हाई, खोटं कशाला बोलू. लग्नाला ये. लग्नाला कुनी इचारत न्हाई. उद्याची बुंदी तेवढी करून जा.”

बुंदी मी केली. ती माझी शेवटची सप्त्याची बुंदी. रविवारी सकाळी, कौलारू देवळात, पाळकांनी माझ्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं. मावशी पहिल्या रांगेत होत्या, मीठवाले काका साक्षीदार. आईला दुपारी फोनवर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हंजे आता तू दिवाईले येशील का नाही?” येईन म्हणालो. गेलोही.

ह्याला आता चार वर्षं झाली. माझं ठरलं ते चुकलं असं मला एकदाही वाटलं नाही. रविवारी पाळक विचारतात तेव्हा मीही कधी उठून सांगतो, माझ्या बोलीत, आणि आता कुणी हसत नाही. लग्नाच्या जेवणात, देवळाच्या जेवणात मी मनसोक्त चाखतो. एकदा, दोनदा, पाचदा. जीव शांत राहतो. पण चैत्र आला, टेम्पोवर कढया चढायला लागल्या की मी दारात उभा राहून बघतो. न चाखता उभं राहण्यात, सगळं कुणाच्या तरी हाती सोडून पहिल्या माणसाच्या घशाकडे बघण्यात काहीतरी होतं, ते चाखणाऱ्याला मिळत नाही. माझ्यासारख्या घाबऱ्या माणसाला ते सात वर्षं मिळालं, आणि ते मी स्वतःच्या हाताने ठेवून आलो. मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मग ठेवून आलास त्याबद्दल आभार मान. ज्यांच्याकडे ठेवून यायला काही नसतंच, अशी किती माणसं असतात.”

गेल्या वर्षी मामांनी निरोप धाडला. राहुरीजवळच्याच त्या गावात काला आहे, जेवायला ये. मी कधी सप्त्याच्या पंगतीत बसलो नव्हतो. सात वर्षं उभाच होतो. त्या दिवशी मांडवात दोन अनोळखी माणसांच्या मध्ये मांडी घालून बसलो. पुढे पत्रावळ, वर भाकरी, कुणाच्या तरी घरची, एका बाजूने जाड. मामा स्वतः ओगराळं घेऊन रांगेतून येत होते. त्यांच्याबरोबर नवा माणूस होता, बीडकडचा, मजबूत हातांचा. तो कढईपाशी उभा राहून पहिल्या ओळीकडे बघत होता. मी मान खाली घातली.

जेवायच्या आधी सगळ्यांनी देवाच्या नावाचा गजर केला. मी गप्प राहायचं ठरवून आलो होतो, म्हणजे उगाच गैरसमज नको. गजर संपला आणि मी मनातल्या मनात माझी दोन वाक्यं बोललो. तोवर मामा माझ्यापुढे येऊन थांबले होते. आमटी वाढली. सरकले नाहीत.

“घे की,” म्हणाले. “का तुमच्यात अजून काय म्हनायचं राह्यलंय?”

“म्हणून झालं.”

“मग जेव. मागं लई लोक हायेत.”